न चाखलेल्या बीअरचा सुगंध

या अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. कुणी रेल्वेत सगळी हयात घालवलेलं, कुणी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. मी अजून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझी नोकरी जेमतेम तीन वर्षांची. म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. ते म्हणाले, "तू काय काम करतेस तेवढंच सरळ सांग. बाकी राहू दे." पण काय काम करते, ते सरळ सांगणंच मला जड जातं. कुणी विचारलं तर मी "सुगंधाच्या कारखान्यात" असं म्हणते. ऐकणाऱ्याला अगरबत्ती वाटते. अत्तर वाटलं तर माझी जरा जास्त इज्जत होते.

खरं काम असं होतं. बीअरला जो ताजा, हिरवट वास असतो, तो ज्या तेलातून येतो ते तेल हुंगून पारखायचं आणि बीअर बनवणाऱ्यांना लागेल तसं तयार करून द्यायचं. हे सगळं दारूबंदी असलेल्या राज्यात बसून. मी बीअर कधी चाखलेली नाही. माझ्या वरिष्ठ दर्शनाबेन यांनीही नाही. त्या जैन आहेत, कांदासुद्धा खात नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत बीअर प्यायलेला एक मेहुल तेवढा होता, आणि त्याला कुणी त्याबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "गोव्यात, एकदाच, मित्रांनी जबरदस्ती केली." हे 'एकदाच' दर वेळी वेगळ्या मित्रांबरोबर घडलेलं असायचं.

आमचं घर लिंबायतला. आजोबा जळगावकडून गिरणीच्या कामासाठी सुरतेला आले. बाबा पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात आहेत. आई घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे गुजराती, कॉलेजात रसायनशास्त्र इंग्रजीतून, आणि घरात अहिराणी. त्यामुळे कुठलीच भाषा माझ्या हाती पूर्ण आलेली नाही. या लेखात ते दिसलं तर वाचकांनी समजून घ्यावं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला हे काम मिळालं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पलसाणा रस्त्यावरचा कारखाना. सुरुवातीला पुदिना आणि गवती चहाच्या तेलाच्या टेबलावर होते. बाटल्या धुणं, वजन करणं, चिठ्ठ्या चिकटवणं. पुढे एक दिवस दर्शनाबेनने मला हॉपच्या, म्हणजे बीअरच्या त्या तेलाच्या, टेबलावर बसवलं. ते तेल कशासाठी जातं हे मी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं.

बाबांनी विचारलं, "बीअर म्हंजे दारूच ना?"

"हो."

"तू पेस का ती?"

"नाही बाबा. प्यायची नसते. तेलाचा फक्त वास घ्यायचा."

"बरं," ते म्हणाले आणि जेवत राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली.

हे इतकं मोठं का होतं, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीचा विहार आहे आणि दर रविवारी सकाळी तिथे वंदना होते. भंते रोज नसतात, म्हणून पंचशील सांगण्याचं काम बरीच वर्षं बाबांकडे होतं. बाबा सातवी शिकलेले, पण त्यांचं पाली म्हणणं स्वच्छ. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते समोर बसायचे, एक शील म्हणायचे आणि आम्ही सगळे ते मागून म्हणायचो. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दारूने गेले. तेव्हापासून पाचव्या शीलाला बाबांचा आवाज थोडा सावकाश होतो. ते कुणाला मुद्दाम ऐकवत नाहीत, तो आपोआप होतो.

हॉपच्या टेबलावर बसल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चार शीलं मी म्हटली आणि पाचव्याला माझं तोंड उघडलं नाही. मी ठरवून गेले नव्हते. एवढ्या लोकांच्या आवाजात एक नसल्याचं कुणाला कळलं नाही, असं मला वाटलं. पुढच्या रविवारीही तसंच झालं. मग ते तसंच होत राहिलं.

कामाच्या पैशांवर माझं कॉलेज चालत होतं, हे एक. पण खरं अडचणीचं वेगळंच होतं. ते काम मला आवडायला लागलं होतं. हे काम राहावं असंही वाटे आणि रविवारी बाबांच्या मागून पाचही शीलं मोकळ्या तोंडाने म्हणता यावीत असंही वाटे. दोन्ही एकदम राहतील असं दिसत नव्हतं.

आता ते काम आवडण्यासारखं काय होतं ते सांगते.

हॉप हा एका वेलीचा फुलोरा. थंड मुलखात होतो, आपल्याकडे सहसा नाही. दिसायला हिरव्या कागदाच्या लहान कणसासारखा. त्याच्यात बीअरला लागणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक कडूपणा आणि दुसरा सुगंध. बीअर करताना माल्टचं, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाचं पाणी मोठ्या भांड्यात उकळतात आणि त्यात हॉप टाकतात. उकळलं की कडूपणा उतरतो. पण सुगंध उडून जातो. सुरतेच्या बायकांना हे समजावणं सोपं आहे. चहात गवती चहा टाकून फार वेळ उकळला की वास सगळ्या गल्लीला येतो आणि कपात काही उरत नाही. तसंच हे. म्हणून कुणी थोडा हॉप शेवटी टाकतात, कुणी बीअर थंड झाल्यावर भिजवत ठेवतात. आणि कुणी हॉपचं तेल काढून आणतात आणि सगळ्यात शेवटी, आंबवणं, गाळणं झाल्यावर, बाटलीत भरण्याच्या आधी ते घालतात. भल्यामोठ्या टाकीला अगदी थोडं तेल पुरतं.

अडचण ही की तेल पाण्यात मिसळत नाही. तसंच ओतलं तर वर तवंग येतो आणि बीअरचा फेस बसतो. म्हणून ते आधी अशा द्रवात विरघळवायचं की पुढे बीअरमध्ये ते बिनबोभाट मिसळून जाईल. हे आमच्याकडे व्हायचं. शिवाय हे तेल फार नाजूक. हवा, ऊन, उष्णता, काही सोसत नाही. बाटली एकदा उघडी राहिली तर काही दिवसांत तिला जुन्या चीजचा, सरळ सांगायचं तर घामेजल्या मोज्यांचा वास येतो.

आणि मग हुंगणं. कागदाच्या पट्टीचं टोक तेलात बुडवायचं, नाकाखाली धरायचं, जे जाणवेल ते बोलायचं. त्या टेबलावर बसणाऱ्यांनी डोक्याला सुगंधी तेल लावायचं नाही, गजरा नाही, पावडर नाही, तंबाखूचा मावा नाही. आईने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हणाली, "वासना कारखानामा वास लावाले बंदी?" वासाच्याच कारखान्यात वासाला बंदी का, असं. मी हो म्हटलं. तिला ते फार दिवस पुरलं. शेजारणींना सांगायची.

बोलण्यासाठी भिंतीवर एक चार्ट होता. परदेशातून आलेला, गोल, रंगीत. त्यात शब्द होते, पाइन, ग्रेपफ्रूट, रेझिन. यातलं मी काहीच हुंगलेलं नव्हतं. पहिले काही आठवडे माझी पाळी आली की मी मेहुलने जे म्हटलं असेल तेच म्हणायचे. दर्शनाबेनच्या लक्षात आलं. त्यांनी मला एकटीला बसवलं, पट्टी दिली आणि म्हणाल्या, "सुजाता, जे लागे ए बोल. चार्ट भूली जा."

मला जे वाटत होतं ते बोलण्यासारखं नाही असं वाटून मी गप्प राहिले. कारण वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवत नव्हतं. कुठेतरी घरातला, पण खाण्याचा नाही. जिभेवर होता आणि सापडत नव्हता.

तो लोणच्याच्या दिवसांत सापडला. आई कैऱ्या फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी देठ काढायला बसले आणि पहिला देठ मोडल्याबरोबर हात नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"काय हुंगी ऱ्हायनी?" आई म्हणाली. "चीक लागी, डोया संभाळ."

कैरीचा चीक. तोच वास. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर तसं सांगितलं. मेहुल हसला. दर्शनाबेनने न हसता पट्टी घेतली, डोळे मिटले आणि पुन्हा घेतली. मग मेहुललाही घ्यायला लावली. नंतर मी पुस्तकात पाहिलं. हॉपच्या तेलात जे द्रव्य सगळ्यात जास्त असतं, तेच कच्च्या कैरीच्या वासातही असतं. म्हणजे माझं नाक चुकीचं नव्हतं. माझ्याकडे फक्त चार्टमधला शब्द नव्हता. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर 'कैरीचा चीक' हा अधिकृत शब्द झाला. पुढे आणखी आले. हिरवा हरभरा उपटल्यावर हाताला येतो तो वास, संत्र्याची साल पिळल्यावर उडतो तो, नवीन साडीच्या गठ्ठ्याचा. हा शेवटचा वाईट वास. तो आला की माल परत.

एक गिऱ्हाईक मात्र कायमचं लक्षात राहिलं आहे. कतारगामकडचे एक केटरर एकदा थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथे बीअरचा वास सुटा मिळतो. लग्नात सोड्यात घालायला हवा होता.

त्यांनी दर्शनाबेनला हळूच विचारलं, "बेन, चडशे?"

"ना भाई, जराय नहीं चडे. खाली सुगंध छे." अजिबात चढत नाही, नुसता सुगंध.

मला वाटलं ते आता निराश होऊन जातील. ते खूश झाले. "बस, ए ज जोईए. जानैयाने चडाववी नथी, देखाडवी छे." वऱ्हाड्यांना चढवायची नाही, नुसती दाखवायची आहे.

एवढ्या लहान मापात आम्ही माल देत नव्हतो. पण ते चहा घेऊनच गेले, आणि जाताना मलाही लग्नाचं आमंत्रण देऊन गेले. लग्न कुणाचं ते सांगितलं नाही.

आता दमणची गोष्ट. सुरतेजवळच्या, पण दारूबंदी नसलेल्या दमणच्या एका बीअर कारखान्याने आमचं तेल एका टाकीत घालून पाहायचं ठरवलं. ते पसंत पडलं तर वर्षाचं काम मिळणार होतं. दर्शनाबेनने मला बोलावून सांगितलं की ही चाचणी तू सांभाळ, नीट झाली तर हॉपच्या टेबलावर कायमची जागा तुझी. तोवर मी शिकाऊ होते, दर वर्षी कराराचा नवा कागद. कायमची जागा म्हणजे एम.एस्सी.च्या फीचा प्रश्न सुटल्यासारखाच होता.

घरी सांगायला मी शनिवार निवडला. दुसऱ्या दिवशी बाबांना सुट्टी असते. बरोबर एक पट्टी नेली होती, झाकणाच्या नळीत. मला वाटलं, वास दाखवला तर समजावणं सोपं जाईल. बाबांनी पट्टी नाकाशी धरली, खूप वेळ धरली, आणि परत दिली.

"मले काही वास येत नही," ते म्हणाले. "तूच सांग कसा शे."

रंगखात्यातल्या वाफेत बाबांचं नाक केव्हाच गेलं आहे. मला ते माहीत होतं. पण पट्टी आणताना मी ते विसरले होते. मी सांगायला लागले. आधी कैरीचा चीक, मग संत्र्याची साल, आणि पट्टी वाळल्यावर शेवटी ओल्या गवतासारखं काहीतरी. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "असा चांगला वास ऱ्हायना, तं पेनारा जास्ती पेई ना?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नाही. मिलमध्ये नवीन रंग आला की तो धुतल्यावर टिकेल का असं विचारतात, तसंच विचारलं.  मी एवढंच म्हणाले की दमणला जावं लागेल, कारखान्यात आत.

"जाय," ते म्हणाले. "संभाळीसन जाय."

मंगळवारी सकाळी ते स्वतः मला हायवेपर्यंत सोडायला आले आणि कंपनीची गाडी येईपर्यंत उभे राहिले.

दमणच्या कारखान्यातले मुख्य फर्नांडिससाहेब. वयस्कर, पांढरे बूट, बोलणं हिंदीत, आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतके कडक की मला आत जाण्याआधी दोनदा हात धुवायला लावले. मी त्यांच्याइतकं निगुतीने काम करणारा माणूस कमी पाहिला आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे ठरवलं त्यात त्यांच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत.

टाकीत घालण्याआधी त्यांनी एका जारमधल्या बीअरमध्ये आमच्या हिशोबाने तेल घातलं, हलवलं, ग्लासात ओतलं, हुंगलं. मग ग्लास माझ्यापुढे सरकवला. काहीच येत नव्हतं. माल्टचा वास होता, थंडावा होता, आणि तेल जणू घातलंच नव्हतं.

"आप लोग बीअर देखे बिना बीअर का सुगंध बनाते हो क्या?" साहेब म्हणाले.

दर्शनाबेन आणि मी एकमेकींकडे पाहिलं. खरं तेच होतं. सुरतेत आमच्याकडे बीअर आणायची परवानगी नव्हती. म्हणून आम्ही सगळे प्रयोग दुकानात मिळणाऱ्या बिनदारूच्या माल्ट पेयात केले होते. त्यात आमचं प्रमाण अगदी छान बसलं होतं. पण दारू सुगंधाला धरून ठेवते, सहज वर येऊ देत नाही. बिनदारूच्या पेयात तो लगेच उडून नाकाशी येतो. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. मात्र माप काढताना माझ्यासमोर जे पेय होतं, तेच मला बीअर वाटत होतं, कारण दुसरी मी पाहिलेलीच नव्हती. ही चूक गुजरातेबाहेर कुठे झाली नसती.

साहेब थेट दुप्पट घालायला निघाले होते. दर्शनाबेनने त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तू बघ." मी त्यांच्याकडे लहान लहान जार मागितले. प्रत्येकात थोडं थोडं वाढवत गेले. आणखी एक गोष्ट केली. बीअर बर्फासारखी गार होती, ती ग्लासात थोडा वेळ तशीच ठेवली. पिणारा माणूस पहिला घोट गार घेतो, पण ग्लास संपेपर्यंत तो गार राहत नाही, आणि सुगंध मध्यावर खुलतो. हे मला मेहुलने सांगितलं होतं. त्याच्या एका 'एकदाच'मधून.

दोन बायका ओळीने ग्लास हुंगतायत आणि एकही ओठाला लावत नाहीत, हे पाहायला तिथले कामगार येऊन जात होते. एकजण म्हणाला, "सर, ये लोग पीते नहीं तो बचा हुआ कौन पिएगा?" साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं.

एका जारशी मी थांबले. मग पुन्हा आधीच्याकडे गेले आणि परत आले. "हा," मी म्हणाले. "याच्या पुढे चीक जास्त होतो." साहेबांनी तो हुंगला, एक घोट घेतला, आणि आणखी एक घोट घेतला. मग माणसांना पंप लावायला सांगितलं.

तो पंप मी कधी विसरणार नाही. गाळलेली बीअर एका टाकीतून दुसरीकडे नळीतून वाहत होती. नळीत एके ठिकाणी काचेचा तुकडा बसवला होता, आतलं दिसावं म्हणून. त्याच्या अलीकडे आमचं तेल बारीक धारेने आत सोडलं जात होतं. काचेतून सोनेरी बीअर जोरात जाताना दिसे आणि त्यात ती धार शिरताना क्षणभर दिसून नाहीशी होई. मी तिथेच उभी राहिले. दर्शनाबेनने हाक मारली तेव्हा हलले.

चाचणी पसंत पडली. बीअर सुरतेला नेता येत नाही, त्यामुळे आम्ही नमुना न घेता, वास तेवढा डोक्यात ठेवून निघालो. नाक्यावर गाडी तपासली. हवालदाराने माझ्या पिशवीतली तेलाची कुपी उघडून नाकाशी नेली आणि दर्शनाबेनकडे पाहून म्हणाला, "आमां तो केरी जेवुं लागे छे." याला तर कैरीसारखा वास येतो. दर्शनाबेन गंभीरपणे म्हणाल्या, "हा भाई, एवुं ज छे." मग त्या बऱ्याच अंतरापर्यंत हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी विहारात समोर बाबा नव्हते. गौतमकाका, आमच्या मागच्या गल्लीतले, वंदना सांगत होते. बाबा पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, भिंतीशी बसले होते. मला वाटलं बरं नसेल. पण पुढच्या रविवारीही ते तिथेच. मग मला वाटलं, कुणीतरी बोललं असणार. पंचशील सांगणाऱ्याची पोरगी बीअरच्या कारखान्यात जाते, असं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी विचारलं. "बाबा, लोक काही बोलले का?"

"कोन बोलीन?" ते म्हणाले. ते सायकलची चेन पुसत होते. "मीच गौतमले म्हटलं."

"का?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "म्होरे बठं का कोन गप शे, ते आयकू येस."

मी उंबऱ्यावर बसले.

"तू पाचव्याले गप ऱ्हास. वरीसभर ऱ्हायनी. मी म्होरे बठनू, तं बापना तोंडकडे पाहीसन तुले म्हननं पडी." मग त्यांनी पुन्हा चेन हातात घेतली. "मागे बठनू का मले आयकू येत नही. तुनं तू पाह्य."

मला वाटत होतं की त्यांनी माझ्यामुळे जागा सोडली. ते तसंच होतं, पण लाजेने नव्हे. मी गप्प बसायचं ठरवलं तर मला कुणाच्या नजरेखाली ते करावं लागू नये, म्हणून. मुलीला काम सोड म्हणायचा हक्क त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. वापरला असता तर मी भांडले असते आणि कदाचित आजही त्याच टेबलावर असते.

मी काही दिवस घेतले. मग दर्शनाबेनकडे गेले आणि सांगितलं की दमणचं काम मी करणार नाही. हॉप सोडायचा नाही, पण बीअर सोडायची आहे. मला वाटलं त्या म्हणतील, मग हॉपचं तेल घालणार कशात. त्यांनी हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "हे काम करावं का, असं मला कुणी विचारलं नाही. मी स्वतःला विचारलं, बरेचदा. मला उत्तर मिळालं नाही म्हणून मी इथे आहे. तुला मिळालं असेल तर चांगलं आहे."

कायमची जागा मेहुलला मिळाली. तो त्या टेबलासाठी योग्यच आहे, आणि मला भेटला की खजील होतो, त्याची काही गरज नाही. पण हे लिहिताना मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. काचेतून दिसणारी ती धार मला पुन्हा पाहायला मिळणार नाही. दमणच्या बीअरसाठी मी काढलेलं माप अजून चालतं, असं मेहुल सांगतो. ते ऐकून आनंदही होतो. हे दोन्ही कसं एकत्र राहतं, मला अजून नीट कळलेलं नाही.

दर्शनाबेनने मला बिनदारूच्या पेयांचं काम दिलं. हॉपचा सुगंध असलेला सोडा, माल्टची पेयं. शिकाऊ म्हणूनच, पण माझं स्वतःचं टेबल. ज्या पेयाने दमणला आम्हाला तोंडघशी पाडलं, त्याच्यातच माझं माप बरोबर बसतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. एम.एस्सी.ची फी दोन हप्त्यांत भरायची सोय कॉलेजने केली. आई थोड्या जास्त साड्या घेते. चाललं आहे. ज्यांच्यामुळे चाललं आहे त्यांची नावं या लेखात आलीच आहेत, पण मेहुलचं आणि फर्नांडिससाहेबांचं पुन्हा घेते, कारण त्यांना वाटत असेल की आपण हिच्या हिशोबात नाही.

बाबांना मी शनिवारी जेवताना सांगितलं. ते खवळले.

"मी तुले सोडाले सांगं का?"

"नाही."

"मंग कोन्ही सांगं?"

"कुणीच नाही. माझं मीच पाहिलं."

आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी ती मोडली, पण खाल्ली नाही. तिकडे पाहतच म्हणाले, "उद्या गौतम गावले चालना. कोन्हीतरी म्होरे बठाले पाह्यजे."

सकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली. विहारात ते समोर बसले, मी बायकांच्या रांगेत आईजवळ. एकेक शील ते सांगत गेले आणि आम्ही म्हणत गेलो. पाचव्याला त्यांचा आवाज नेहमीसारखा सावकाश झाला. त्यांनी ते पूर्ण केलं आणि डोळे मिटून थांबले. मी म्हटलं. सगळ्यांच्या बरोबर, फार मोठ्याने नाही. म्हणणं संपल्यावर बाबांनी डोळे उघडले. मग त्यांनी 'साधू' म्हटलं आणि सगळी खोली त्यांच्या मागून म्हणाली.